अमिबा सापडला, असं मी लिहिलं

आमच्या धंद्यात नाकाला रुमाल लावणारा माणूस टिकत नाही. मी एकोणतीस वर्षं टिकलो. पनवेलला टपाल नाक्याच्या अलीकडे डॉ. सबनीसांचा दवाखाना होता, त्याच्या मागच्या अंगाला पूर्वेची खिडकी असलेली एक खोली होती. खिडकीखाली टेबल, टेबलावर पितळी सूक्ष्मदर्शक, एक स्पिरिटचा दिवा आणि काचनळ्या उभ्या ठेवायची लाकडी घोडी. दारावर ‘लॅबोरेटरी’ अशी पाटी होती. माझी आई मात्र शेवटपर्यंत शेजारीपाजारी सांगायची की आमचा मुलगा डॉक्टरांकडे कारकून आहे. दिवसभर लोकांची शी बघतो म्हटल्यावर मुलगी कोण देणार, ही तिची भीती. सासऱ्यांनी फारशी चौकशी न करता मुलगी दिली, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता.

लघवी, रक्त, थुंकी हे सगळं मी तपासत असे, पण निम्मं काम शौचाचं. पनवेल-उरण पट्ट्यात तेव्हा विहिरी-तळ्यांचं पाणी, त्यामुळे पोट हा इथला कायमचा पाहुणा. नमुना आणायचा कशात, हे कोणाला सांगून पटत नसे. आम्ही झाकणाच्या बाटल्या द्यायचो, त्या घरी गेल्या की तेलाला लागत. नमुना यायचा काडेपेटीत. एक तलाठी होते, त्यांना काडेपेटी नेणं कमीपणाचं वाटलं म्हणून त्यांनी पेढ्यांचा रिकामा पुडा घेतला, त्यावर रंगीत दोरा बांधला आणि कंपाउंडरच्या हातात दिला. कंपाउंडरला वाटलं, बदली रद्द झाली, त्याचे पेढे. पुढचं सांगत नाही.

हा धंदा काय असतो ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल. काचेच्या पट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब घ्यायचा, त्यात काडीच्या टोकाएवढा नमुना कालवायचा, वर पातळ काच ठेवायची आणि भिंगाखाली धरायचं. जंतांची अंडी ओळखणं सोपं. अवघड तो अमिबा. आव पडते ती बऱ्याचदा त्याच्यामुळे. नमुना कोमट असेल तर हा अमिबा जिवंत असतो, अंगाचा एक भाग पुढं ढकलत सावकाश सरकतो, आणि एकदा सरकताना पाहिला की शंका उरत नाही. पण अर्ध्या-पाऊण तासात नमुना थंड झाला की तो गोल होऊन गप्प बसतो. आतड्यात तशाच गोल पेशी इतरही पुष्कळ असतात. मग हा अमिबा की दुसरं काही, हे देवालाच माहीत. म्हणून पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे, नमुना ताजा हवा. थंड नमुना आला तर परत पाठवा.

आता उरणहून निघालेली एस.टी. पनवेलला पोचेपर्यंत काडेपेटीतला नमुना कितीसा कोमट राहणार? आणि परत पाठवायचं म्हणजे त्या माणसाचा दुसरा दिवस मोडायचा. मी परत पाठवत नसे. डॉक्टर चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून द्यायचे, ‘अमिबा?’ आणि पुढे प्रश्नचिन्ह. बहुतेकदा त्यांचा अंदाज बरोबर यायचा. मग गोल काही दिसलं की मी ‘सापडला’ लिहायचो. मलाही बरं वाटायचं, कारण ‘काही नाही’ लिहिलं की लोक म्हणत, मग तपासलंन् काय?

साठ सालानंतरची गोष्ट आहे, नेमकं साल आता आठवत नाही. उरणच्या रस्त्यावरच्या मिठागरांच्या एका गावातून पारूबाई नावाची आगरी बाई आपल्या सुनेची काडेपेटी घेऊन आली. गावाचं नाव लिहीत नाही, ती माणसं अजून तिथं आहेत. सून हिरा, वीस-एकवीस वर्षांची, पहिलटकरीण. मुलगी झाली होती आणि चार महिन्यांची होती. बाळंतपणानंतर महिन्याभरात हिराला जुलाब सुरू झाले ते थांबेनात. अंग झडत चाललं होतं. पारूबाईने सगळं एका दमात सांगितलं आणि वर म्हणाली की खाण्यापिण्यात काही कमी केलेलं नाही, रोज पहाटे गवळीवाड्यापर्यंत चालत जाऊन म्हशीचं दूध आणते, सकाळ-संध्याकाळ मोठा पेला भरून समोर बसून पाजते. आई दूध प्याली तर लेकराला दूध येईल, ही तिची समजूत. समजूत तिची एकटीची नव्हती. डॉक्टरांचीही होती, माझीही होती.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नेहमीचं प्रश्नचिन्ह होतं. नमुना थंडगार होता. भिंगाखाली दोन-तीन गोल पेशी दिसल्या, हलत काही नव्हतं. मला चांगलं आठवतं, मी बराच वेळ पाहत बसलो होतो आणि मनात म्हटलं होतं की नसावा. पण बाहेर बाकावर पारूबाई ताटकळत बसली होती आणि तिची गाडी चुकली असती. मी लिहिलं, ‘अमिबा सापडला.’

त्या दोन शब्दांवर पुढचं सगळं उभं राहिलं. तेव्हा आवेवर इंजेक्शनं होती, रोज एक, आठ-दहा दिवस. औषध जहाल, हृदयावर ताण यायचा, म्हणून रोग्याला खाटेवरून उठू द्यायचं नाही. दवाखान्यामागच्या पडवीत डॉक्टरांनी चार खाटा टाकल्या होत्या, त्यातल्या एकीवर हिराला ठेवलं. मुलगी तिच्या कुशीत, पारूबाई खाली चटईवर. जेवणाचं काय, तर डॉक्टरांचा ठरलेला हुकूम होता. भाकरी बंद, मासळी बंद, मसाला बंद. फक्त दूध, तेही भरपूर. दूध हे पूर्णान्न, असं डॉक्टर प्रत्येकाला बजावायचे. पनवेलचा एक गवळी सकाळ-संध्याकाळ पडवीत दूध घालायचा, आणि पारूबाई ते तापवून, फुंकर घालून सुनेला पाजायची. घरी दोन पेले होते, इथं चार झाले.

डॉ. सबनीस माणूस देवासारखा, फक्त देवासारखाच उलट बोललेलं ऐकून घ्यायचा नाही. दहा इंजेक्शनं झाली, हिरा जास्तच खंगली. दंडाची बांगडी कोपराखाली घसरायची. तिला अंगावरचं दूधही कमी येऊ लागलं होतं, पण मुलगी छातीला लागली की गप्प राहायची. तिचा नवरा गलबतावर गेलेला, म्हणून एका सकाळी डॉक्टरांनी तिच्या सासऱ्याला बोलावून घेतलं. अमिबा तर मारला, तरी जुलाब थांबत नाहीत, म्हणजे आतड्याचा क्षय असावा, असं ते म्हणाले. मुलीला आईपासून ताबडतोब वेगळं करायचं, आणि हिराला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. किती दिवस, हे सांगता येत नाही.

आज क्षय म्हटलं की लोक गोळ्यांचं पाकीट डोळ्यांपुढे आणतात. तेव्हा गावात क्षय म्हणजे बाईला घराचं दार बंद. सासरा चांगला होता, पण त्याने मान खाली घातली आणि तो उरणजवळच्या मोऱ्याला निघाला. त्याची लेक मोऱ्याला दिलेली होती, तिचंही मूल अंगावर पीत होतं. ती येऊन आठवड्याच्या आत मुलीला घेऊन जाणार, असं ठरलं. हिरा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पारूबाईने त्या दिवशी दूध अर्धा शेर जास्त घेतलं. मुंबईला जायच्या आधी पोरीच्या अंगात थोडी ताकद यावी म्हणून.

हिरा दवाखान्यातच असल्यामुळे मला आता तिचा नमुना रोज ताजा, कोमट मिळत होता. क्षयाचे जंतू शोधायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मी तेही शोधले आणि अमिबाही शोधला. एक सरकता अमिबा दिसला असता तर माझा जीव भांड्यात पडला असता. काही दिसलं नाही. नमुना पाण्यासारखा पातळ, वर फेस आणि वास आंबूस. असा वास आवेचा नसतो, आणि हा मी पहिल्या काडेपेटीच्या वेळीही घेतला होता. पण रिपोर्टच्या छापील कागदावर वासाचा रकाना नव्हता, म्हणून तो मी कधी कोणाला सांगितला नाही.

मग दोन दिवस हिराचा नमुनाच आला नाही. पहिल्या दिवशी वाटलं, विसरले असतील. दुसऱ्या दिवशीही घोडी रिकामी पाहून मी पडवीत गेलो. हिरा उठून बसली होती आणि मुलीच्या केसांना तेल लावत होती. मी पारूबाईला विचारलं, नमुना का नाही? ती कावरीबावरी झाली. आधी म्हणाली, झालंच नाही पोरीला. मग ताकाला जाऊन भांडं लपवत राहिली. मी दटावलं तेव्हा पदर तोंडाशी धरून हळूच बोलली. मला ती मास्तर म्हणायची.

“गवल्याच्या घरान लगीन हाय. दोन दीस दूद आला नाय. मंग पोर उपाशी ठेवू का मी? भात नि सुकटाचा कालवण घातला तिला. डाक्टरला सांगू नको, मास्तर.”

मला शाळा-कॉलेजाच्या परीक्षेत कधी काही एकदम सुचलेलं नाही. त्या दिवशी सुचलं. मी हिराकडे वळलो आणि विचारलं की दूध प्यायल्यावर नेमकं काय होतं. तिने आधी सासूकडे पाहिलं.

“दूद पोटान गेला का गुडगुडतं, कला येतान,” ती म्हणाली. “आमच्यान दूद कोन पितय? च्या पन कोरा. पन आये पाहाटची येवढी चालत जाऊन आनते. तिला कसा नाय बोलू?”

मी खोलीत परत आलो. डॉक्टरांना सांगायचं म्हणजे नुसतं ‘दुधाने होतं’ एवढं सांगून भागणार नव्हतं. ते पहिला प्रश्न विचारणार, मग अमिबा कुठून आला? दुपारी पेशंट संपले तेव्हा मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सांगितलं की तो नमुना थंड होता, मला अमिबा खात्रीने दिसला नव्हता, तरी मी लिहिलं. नोकरी गेली असती तर पनवेलात दुसरी लॅबोरेटरी नव्हती.

डॉक्टर भयंकर चिडले. दहा इंजेक्शनं, एवढंच दोनदा म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मला दुधाचं पहिल्यापासून सांगायला लावलं. मी गवळ्याकडचं लग्न सांगितलं, सुकटाचं कालवण सांगितलं, आंबूस वासही सांगितला. ते उठून कपाटाशी गेले. त्यांना बोटीने परदेशी वैद्यकीय मासिकं येत, बरीच न फोडलेली. एक अंक त्यांनी शोधून काढला. कुठल्याशा देशातल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की दुधात एक साखर असते, ती पचवणारा रस लहान बाळाच्या आतड्यात भरपूर असतो, पण मोठेपणी पुष्कळांच्या आतड्यातून तो कमी होत जातो. मग ती साखर तशीच खाली उतरते, आतड्यात आंबते, आणि जुलाब होतात. अंक कित्येक महिने कपाटात पडून होता. डॉक्टरांनी तो वाचलाही होता, पण हे आपल्याकडे असेल असं त्यांच्या मनात आलं नव्हतं. आपल्याकडे म्हणजे गोकुळाच्या देशात.

“चिठ्ठी तुमची,” डॉक्टर म्हणाले, “पण दूध माझं. आता हे सिद्ध करा.”

सिद्ध करायची रीत त्या लेखात होती. रोग्याने उपाशीपोटी दुधाची साखर पाण्यातून प्यायची. आधी रक्त घ्यायचं, मग अर्ध्या तासाने, तासाने, दोन तासांनी. साखर पचली तर रक्तातली साखर चढते. पचली नाही तर होती तिथंच राहते. रक्तातली साखर मोजायचं काम माझ्या हातचं होतं. रक्तातला गढूळ भाग काढून टाकायचा, उरलेलं नितळ पाणी औषधांबरोबर उकळायचं, की निळा रंग येतो. साखर जास्त तर निळा गडद, कमी तर फिका. पण नुसती दुधाची साखर पनवेलात आणायची कुठून?

ती होती, आणि ती आमच्या समोरच्या रांगेत होती. वर्तक नावाचे एक होमिओपॅथ तिथं बसत. त्यांच्या त्या पांढऱ्या गोड पुड्या असतात ना, ती भुकटी म्हणजे दुधाचीच साखर. अडचण एकच होती. डॉ. सबनीस आणि वर्तक एकमेकांशी सात वर्षं बोलत नव्हते. सबनीसांनी कुठल्याशा लग्नाच्या पंगतीत वर्तकांच्या पुड्यांना ‘साखरफुटाणे’ म्हटलं होतं. त्या दिवशी डॉक्टर स्वतः रस्ता ओलांडून गेले. मी मागे होतो. वर्तकांनी सगळं ऐकून घेतलं, काही न विचारता बरणी काढली आणि मोठी वाटी भरून साखर तोलून दिली. देताना मात्र म्हणाले की शेवटी तुमच्या शास्त्राला आमचेच साखरफुटाणे लागले. डॉक्टरांनी ते निमूट ऐकून घेतलं. हा माणूस एवढं ऐकून घेऊ शकतो, हे मला तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साताला हिराला खोलीत आणलं. तुलनेला दुसरं कोणीतरी हवं होतं म्हणून मीही उपाशी होतो. मी लहानपणापासून दूधभातावर वाढलेला. दोघांनी एकाच मापाची साखर पाण्यातून घेतली. त्याच दिवशी सकाळच्या गाडीने मोऱ्याची नणंद येऊन बाहेर बाकावर बसली होती, तिचं स्वतःचं मूल मांडीवर, आणि हिराच्या मुलीसाठी नवं झबलं पिशवीत. डॉक्टरांनी तिला दुपारपर्यंत थांबायला सांगितलं. का थांबायचं, हे कोणाला सांगितलं नव्हतं. हिराने मात्र काहीतरी ओळखलं असावं, कारण दर वेळी सुई टोचताना ती हाताकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायची.

तासाभरात तिच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि ती दोनदा धावत मागच्या दारी गेली. मला काहीच झालं नाही. दुपारी मी नळ्या उकळल्या, थंड केल्या आणि घोडीत ओळीने लावून खिडकीत ठेवल्या. डाव्या बाजूला माझ्या चार, उजव्या बाजूला हिराच्या चार. माझी पहिली नळी फिकी, दुसरी गडद, तिसरीही गडद, चौथी परत उतरलेली. हिराच्या चारही नळ्या सारख्या फिक्या, फरक डोळ्याला कळेना. डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसले आणि बघत राहिले. मला हसूही येत होतं आणि रडूही.

तरी ते घाईचे नव्हते. ते म्हणाले, क्षय नाहीच असं या नळ्या सांगत नाहीत, एवढंच सांगतात की दूध पचत नाही. आठ दिवस दूध पूर्ण बंद. घरचं जे खात होती ते खाऊ दे, तांदळाची भाकरी, कालवण, सुकट, सगळं. तोवर मुलगी आईजवळच राहील. नणंद झबलं तिथंच ठेवून गेली. पारूबाईने विचारलं की सुनेला दूध चालत नाही तर सुनेचं दूध नातीला कसं चालेल. प्रश्न बिनतोड होता. डॉक्टरांनी समजावलं की तान्ह्या बाळाजवळ ते पचवायचा रस असतोच. वासरूसुद्धा मोठं झालं की गाईला सोडतंच ना.

तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले. आठव्या दिवशी डॉक्टरांनी हिराला वजनकाट्यावर उभं केलं. काट्याची दांडी वर उचलली तशी त्यांनी नुसती मान हलवली. अंगावरचं दूधही वाढलं होतं. मुंबईची चिठ्ठी त्यांनी माझ्यासमोर फाडली. मग त्यांनी पडवीत सगळ्यांना बसवून सांगितलं की क्षयबिय काही नाही. हिराचं दुखणं दुधाचं होतं. जेवढं दूध पाजलं तेवढं दुखणं वाढत गेलं.

पारूबाईने दुधाचा पेला उचलला, नळावर नेऊन घासला आणि पिशवीच्या तळाशी घातला. घरी गेल्यावर तिने तो कुणाला तरी देऊन टाकला, असं मागून कळलं. त्या वेळी मी दारात उभा होतो. घरचे दोन पेले तिचे होते हे खरं, पण त्याचे चार झाले ते माझ्या चिठ्ठीने झाले, आणि ती दहा इंजेक्शनंही माझ्या चिठ्ठीनेच झाली. हे मला त्याच जागी बोलता आलं असतं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की चुका आपसात ठेवायच्या, पेशंटचा विश्वास उडाला तर उद्या खरा आवेचा रोगीही यायचा नाही. त्यांचं म्हणणं अगदी खोटं नव्हतं. आणि मला ते सोयीचंही होतं.

त्यानंतर आमच्याकडे नियम झाला, थंड नमुना परत. लोक शिव्या देत आणि दुसऱ्या दिवशी ताजा घेऊन येत. जुनाट जुलाबाच्या प्रत्येक माणसाला डॉक्टर आधी विचारू लागले, दूध किती पिता? गंमत म्हणजे असे रोगी निघत गेले, आणि त्यांत शाळेत वाटलेलं भुकटीचं दूध पिऊन वर्गातून पळणारी गावाकडची पोरं बरीच होती. मास्तर त्यांना कामचुकार म्हणून छड्या मारत. डॉक्टरांनी जाऊन ते थांबवलं. एकदा मी धीर करून जुनी रिपोर्टाची पुस्तकं काढून बसलो. एस.टी.ने आलेल्या किती काडेपेट्यांवर मी ‘सापडला’ लिहिलं होतं ते बघायला. दहा-बारा पानं पाहिली आणि पुस्तक मिटून ठेवलं. त्यांतले कितीजण पुढे दुधावर पडून राहिले असतील, हे मला अजून माहीत नाही.

पाचेक वर्षांनी हिरा आपल्या मुलीला जंतांसाठी घेऊन आली. बरोबर पारूबाई होती, आता काठी टेकत चालणारी. हिरा चांगली भरली होती, ओळखू आली नाही. पारूबाई नातीला घेऊन बाहेर बाकावर बसली आणि हिरा आत चिठ्ठी द्यायला आली. मी सहज विचारलं, सासूबाई कशा आहेत. तिचे डोळे भरून आले.

“आये मला हातान वाढीत नाय,” ती म्हणाली. “तवापासना. भात ओट्याव ठेवते नि म्हंते, तूच घे. बोलते, माज्या हाताला यश नाय, मी तुला मारीत व्हते. किती सांगला, आयकत नाय.”

पाच वर्षं. एका घरात, एका चुलीशी. मी काम बाजूला ठेवलं आणि बाहेर जाऊन पारूबाईच्या शेजारी बाकावर बसलो. तिला सगळं सांगितलं. नमुना थंड होता ते, मला दिसलं नव्हतं ते, तरी लिहिलं ते, आणि त्या लिहिण्यामुळे डॉक्टरांनी दूध वाढवलं ते. म्हटलं, तुमच्या हातात दोष नव्हता, माझ्या हातात होता, आणि मी त्या दिवशी तोंड उघडलं नाही. हिरा दारात येऊन उभी राहिली होती.

पारूबाई माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता काठी उचलते. उचलली असती तर बरं झालं असतं.

“पाच वरसा ह्यो तू पोटान ठेवलास?” ती म्हणाली.

मी मान हलवली. गाडीला वेळ होता म्हणून त्यांनी दुपारची शिदोरी बरोबर आणली होती. तिने ती मांडीवर घेतली, फडक्याची गाठ सोडली, तांदळाची भाकरी मोडली आणि तिच्यावर सुकटाची चटणी बोटाने सारवली. मग हिराला हाक मारली. हिरा पुढे आली, हात पसरला, आणि पारूबाईने तिच्या तळहातावर भाकरी ठेवली. ठेवल्यावरही तिने हात लगेच काढला नाही.

मग तिने उरलेली भाकरी मोडली आणि माझ्याकडे केली. मी सुकट त्याआधी कधी खाल्लं नव्हतं, आमच्या घरात मासळीचं नावही निघत नसे. मी आत जाऊन हात साबणाने दोनदा धुतले, बाहेर आलो आणि तिच्यासमोर हात पसरला.